औंढ्याच्या देवळांतील कबुलीजबाब

औंढा नागनाथ येथील देवळांत एका हत्याकांडाची कबुली दिली गेली, अशी एक जुनी कथा आहे. हत्या एका माणसाची नव्हे, ८४ घोडेस्वारांची. आणि कबुली देणारा कोणी अनामिक दरोडेखोर नव्हे, तर पंढरीच्या महाद्वाराची पायरी झालेले संत नामदेव. ही कथा खरी असेल, तर महाराष्ट्राच्या भक्तिपंथाचा एक आधारस्तंभ पूर्वायुष्यांत खुनी होता, हें मान्य केलें पाहिजे. ती खोटी असेल, तर एका निरपराध माणसावर त्याच्या मृत्यूनंतर ८४ खुनांचा आरोप ठेवला गेला, आणि तोही त्याच्याच तोंडून वदविला गेला. दोहोंपैकीं कांहींही ठरलें, तरी प्रकरण लहान नाहीं.

ज्या ठिकाणीं ही कबुली घडली म्हणतात, तें आधीं पाहिलें पाहिजे. औंढा हें आज हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें तो परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. नागनाथाचें देऊळ यादवकालीन, हेमाडपंती घडणीचें आहे. जोत्यावरील व भिंतींवरील कोरीव काम जुनें. वरचा भाग मोडतोडीनंतर पुन्हां उभारलेला. लिंग जमिनीच्या पातळीवर नाहीं. अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून, खालच्या गाभाऱ्यांत जावें लागतें. बारा ज्योतिर्लिंगांतील नागेश तो हाच, अशी महाराष्ट्रांतील भाविकांची श्रद्धा आहे. द्वारकेजवळचें नागेश्वर आणि अलमोड्याकडील जागेश्वर हींही त्याच मानाचीं हक्कदार समजलीं जातात. ह्याच जिल्ह्यांत नरसी बामणी हें गांव आहे. त्याला आतां नरसी नामदेव म्हणतात, आणि नामदेवांचें जन्मस्थान म्हणून तें दाखविलें जातें. म्हणजे आरोपीचें गांव आणि कबुलीचें ठिकाण हीं दोन्हीं एकाच टापूंत येतात.

कथा थोडक्यांत अशी. शिंप्याच्या घरीं जन्मलेला नामा तरुणपणीं वाईट संगतीला लागला आणि दरोडेखोरांच्या टोळींत शिरला. ह्या टोळीनें एकदां ८४ घोडेस्वारांस ठार केलें. इतकें असूनही नाम्याची देवावरील भक्ति सुटली नव्हती. तो नागनाथाच्या दर्शनास नेमानें येत असे. असाच एकदां तो आला असतां एक गरीब बाई आणि तिचें भुकेनें रडणारें मूल त्याच्या दृष्टीस पडलें. बाई मुलावर रागावत होती. नाम्यानें तिला कारण विचारलें. ती म्हणाली, ह्याचा बाप त्या ८४ स्वारांत मारला गेला. आतां ह्याला खायला कोठून घालूं? समोर उभा असलेला मनुष्य कोण, हें तिला ठाऊक नव्हतें. तें ऐकून नाम्याच्या काळजाचें पाणी झालें. जवळचें होतें नव्हतें तें त्यानें देऊन टाकलें, देवापुढें जाऊन शस्त्र आपल्याच अंगावर चालविलें, आणि पुढें तो पंढरीची वाट चालूं लागला.

कथा ऐकणाऱ्याच्या मनाला ती भिडते, ह्यांत शंका नाहीं. मॅक्स आर्थर मॅकॉलिफ ह्यांनीं १९०९ सालीं शीख धर्मावरील आपला सहा खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत नामदेवांच्या चरित्रांत ती सविस्तर दिली आहे. मराठींतील कांहीं ग्रंथकारांनींही ती स्वीकारली. तिचा मुख्य आधार म्हणजे नामदेवांच्या नांवावर चालत आलेली आत्मकथनपर पद्यरचना. न्यायालयाच्या भाषेंत बोलावयाचें, तर ह्या खटल्यांत प्रेत नाहीं, शस्त्र नाहीं, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाहीं; आहे तो केवळ कबुलीजबाब.

आतां आरोपीविषयीं. परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्यें, म्हणजे १२७० सालीं झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. घरचा धंदा शिंपीकामाचा. ज्ञानेश्वरांशीं त्यांचा स्नेह, दोघांनीं मिळून केलेली तीर्थयात्रा, विसोबा खेचरांचा उपदेश, १२९६ सालीं आळंदीस झालेली ज्ञानेश्वरांची समाधि, त्यानंतर उत्तरेंतील दीर्घ भ्रमण, पंजाबांत गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथील वास्तव्य, आणि १३५० सालीं पंढरपुरास महाद्वारांत देह ठेवणें, हा ह्या चरित्राचा सर्वमान्य सांगाडा आहे. काळ मोठा धामधुमीचा होता. ज्या १२९६ सालीं ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, त्याच सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढें वीस-बावीस वर्षांत यादवांचें राज्य बुडालें. अशा काळांत टोळ्या, लुटालूट आणि वाटमारी असणें अगदीं शक्य आहे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

आरोपाच्या बाजूनें दोन मुद्दे मांडतां येतात, आणि ते क्षुल्लक नाहींत. पहिला असा कीं, भक्त आपल्या आराध्य संताविषयीं लाजिरवाणी गोष्ट उगाच कशाला रचतील? शत्रूनें निंदा केली, तर ती समजण्यासारखी. पण ही कथा भक्तांनींच जपली. दुसरा असा कीं, कथेंत तपशील आहे. देवळाचें नांव आहे, स्वारांची संख्या आहे, मुलावर रागावणारी बाई आहे. कल्पित कथा एवढी नेमकी असते काय?

ह्या मुद्द्यांची परीक्षा करण्यापूर्वीं कबुली देणारा नामा कोणता, हें ठरविलें पाहिजे. आणि तेथेंच पहिली अडचण उभी राहते. अभंगाच्या शेवटीं कवीचें नांव गुंफण्याची रीति जुनी आहे. त्या नांवावरून कर्ता ओळखावा, अशी अपेक्षा. परंतु मराठींत ‘नामा’ एकच झाला नाहीं. सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा नांवाचा कवि होऊन गेला. त्यानें ओवीबद्ध महाभारत रचलें, शुकाख्यान लिहिलें. त्याच्या रचना आणि पंढरीच्या नामदेवांच्या रचना वह्यांतून, बाडांतून आणि कीर्तनकारांच्या मुखांतून एकमेकींत मिसळल्या. एके काळीं तर दोघे कवि एकच समजले जात. ह्यांशिवाय नामदेवांच्या प्रेमानें स्वतःस नामा म्हणवून घेणारे आणखीही असावेत. १९७० सालीं सातव्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें महाराष्ट्र शासनानें नामदेवांची गाथा छापली. पण तींतील अमुक अभंग निश्चितपणें चौदाव्या शतकांतील, अशी ग्वाही कोणीही सरसकट देऊं शकत नाहीं. ही दरोडेखोरीची कथाही दुसऱ्याच एखाद्या नाम्याची असावी, असें अनेक अभ्यासकांनीं म्हटलें आहे.

दुसरी अडचण भाषेची. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं १९१३ च्या आपल्या वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथांत नामदेवांच्या भाषेकडे लक्ष वेधलें होतें. १२९० च्या ज्ञानेश्वरीची भाषा जेवढी जुनी दिसते, तेवढी नामदेवांच्या अभंगांची दिसत नाहीं. ह्यावरून, आणि इतर कारणांवरूनही, भांडारकरांनीं नामदेवांचा काळच पुढें ओढला. पुढील अभ्यासकांस तो निष्कर्ष सर्वस्वीं पटला नाहीं. पण ज्या निरीक्षणावर तो उभा होता, तें निरीक्षण खोटें ठरलें नाहीं. त्याचा दुसरा अर्थ सरळ आहे. ज्ञानेश्वरी ग्रंथ म्हणून लिहिली गेली, आणि १५८४ सालीं एकनाथांनीं तिच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. नामदेवांचे अभंग गाण्यासाठीं होते. ते टाळमृदंगाच्या साथीनें पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले, आणि प्रत्येक पिढीनें नकळत त्यांत आपली भाषा मिसळली. त्यांना कोणी एकनाथ भेटला नाहीं. जेथें शब्द बदलले, तेथें कडवीं वाढलीं नसतील, आणि पदेंच्या पदें नवीं आलीं नसतील, असें कोणीं सांगावें?

म्हणून इतर साक्षी काय म्हणतात, तें पाहिलें पाहिजे. सर्वांत जवळचे साक्षीदार घरचे. गोणाई आणि नामदेव ह्यांच्या संवादाचे अभंग प्रसिद्ध आहेत. राजाईच्या तक्रारीचेही आहेत. ह्या अभंगांचा कर्ता कोण, ह्याविषयींही प्रश्न आहेत, परंतु त्यांतील गाऱ्हाणें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आई म्हणते, मुलानें घरदार सोडलें, धंदा टाकला आणि विठोबाचें वेड घेतलें. पत्नी म्हणते, घरांत खायला नाहीं. मुलगा लूट घेऊन येतो, त्याच्या हाताला रक्त आहे, शिपाई दारीं येतात, अशी तक्रार कोठेंही नाहीं. ज्या घरांत दरोड्याचा पैसा येतो, त्या घराचें दुःख निराळें असतें. ह्या घराचें दुःख पैसाच येत नाहीं, हें आहे. नाम्याची दासी म्हणवून घेणारी जनाबाई नामदेवांचें घर आंतून पाहत होती. तिच्या नांवावरील अभंगांत देवाशीं भांडण आहे, घरकामाचा शीण आहे, नामदेवांचें कौतुक आहे. पण ८४ स्वारांच्या रक्ताचा डाग नाहीं.

दूरच्या साक्षीदारांकडे वळलें, तरी उत्तर तेंच मिळतें. गुरु अर्जनदेवांनीं १६०४ मध्यें ग्रंथसाहिबाची संहिता सिद्ध केली, तींत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांत ते आपल्या हीन मानल्या गेलेल्या जातीविषयीं बोलतात, देवळांतून हांकलून दिल्याचें सांगतात, पण खुनाची कबुली देत नाहींत. त्याच सुमाराच्या नाभादासांच्या भक्तमाळेंत नामदेवांच्या चमत्कारांची यादी आहे. त्यांत ही कथा नाहीं. मराठींत संतचरित्रांचे मोठे संग्राहक म्हणजे महीपति. त्यांनीं १७६२ मध्यें भक्तविजय पूर्ण केला आणि नामदेवांच्या कथांना त्यांत ऐसपैस जागा दिली. त्यांचा नामदेव बाळपणापासून विठ्ठलाचा लाडका आहे; हट्टानें देवाला नैवेद्य खाऊं घालणारा तो मुलगा पुढें वाटमाऱ्या होत नाहीं. असा रसाळ प्रसंग महीपतींच्या परिचयाचा असता, तर त्यांच्यासारख्या कथाकारानें तो सोडला असता काय? कदाचित् त्यांनीं ऐकला असेल आणि टाकला असेल. दोन्हीं शक्यता आरोपाला बळ देत नाहींत.

राहिला तपशिलाचा मुद्दा. कथेंतला सर्वांत नेमका आंकडा ८४ हाच आहे, आणि नेमका तोच संशयास्पद आहे. जीवाला फिराव्या लागणाऱ्या योनि चौऱ्यांशी लक्ष, सिद्ध चौऱ्यांशी, वल्लभाचार्यांच्या पंथांतील प्रसिद्ध वैष्णवांच्या वार्ता चौऱ्यांशी. आपल्याकडील पुण्यकथांत हा आंकडा मोजून आलेला नसतो. ‘पुष्कळ’ आणि ‘पूर्ण’ असा दुहेरी अर्थ त्यांत असतो. लढाईनंतर प्रेतें मोजणारा मनुष्य आणि जन्ममरणाचा फेरा मोजणारा कीर्तनकार, ह्यांपैकीं दुसऱ्याचाच हा आंकडा वाटतो.

तथापि भक्तांनीं लाजिरवाणी गोष्ट कां रचावी, हा पहिला प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर मिळालें, तर हें प्रकरण उलगडतें. भक्तिमार्गांत पूर्वायुष्यांतील पाप ही लाजेची गोष्ट राहत नाहीं. ती नामाच्या सामर्थ्याची साक्ष होते. वाल्या कोळ्याचा वाल्मीकि झाला, ही कथा महाराष्ट्रांतील पोरासोरांना ठाऊक आहे. बौद्धांच्या पालि वाङ्मयांत मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ गळ्यांत घालणारा अंगुलिमाल बुद्धाच्या दर्शनानें भिक्षु होतो. तमिळ देशांतील आळवारांपैकीं तिरुमंगै आळवार हे भक्तांना जेवूं घालण्यासाठीं वाटमारी करीत, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. दरी जितकी खोल, तितकें शिखर उंच दिसतें. नामदेव जन्मतःच भक्त होते असें म्हटलें, तर ऐकणारा पापी मनुष्य त्यांना नमस्कार करून घरीं जाईल. नामदेवही कधीं काळीं खुनी होते असें म्हटलें, तर तोच मनुष्य आपल्यालाही वाट आहे, ह्या आशेनें कीर्तनांत बसून राहील. शिवाय संतांनीं स्वतःस पतित म्हणवून घ्यावें, हा वारकरी वाणीचा सहजधर्म आहे. नामदेवांच्या खऱ्या अभंगांतील पतित शब्द कोणीं तरी अक्षरशः घेतला, त्याला एक गांव, एक देऊळ आणि एक टोळी जोडली, कीं कबुलीजबाब तयार झाला. नामदेवांना गोंवणारे त्यांचे वैरी नव्हते. त्यांना गोंवलें असेल, तर तें प्रेमानें.

परंतु प्रेमानें केलें, म्हणून अन्याय लहान होत नाहीं. नामदेवांना आपला कुळपुरुष मानणाऱ्या शिंपी समाजाला ही कथा बोंचावी, हें साहजिकच आहे. आणि कायद्याचें तत्त्व तर स्पष्ट आहे. आपल्या देशांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य मानला नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी तें तत्त्व कायम राहिलें. कारण कबुली ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी साक्ष आहे. ती कोणीं, कोणापुढें, कोणत्या स्थितींत दिली, हें कळल्यावांचून तिच्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं. जेथें कबुली देणारा कोण, हेंच निश्चित नाहीं, तेथें शिक्षा देणें दूरच.

न्याय करावयाचा, तर माप मात्र एकच वापरलें पाहिजे. औंढ्याच्या देवळाशीं नामदेवांची दुसरी एक कथा जोडलेली आहे, आणि ती अधिक प्रसिद्ध आहे. नामदेव देवळापुढें कीर्तन करीत असतां त्यांना हलक्या जातीचे म्हणून हुसकून लावलें. ते देवळाच्या मागें जाऊन गाऊं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें. नंदी देवळाच्या मागील बाजूस आहे, ही त्या चमत्काराची खूण म्हणून दाखविली जाते. देऊळ फिरलें, ह्याला इतिहास साक्ष देऊं शकत नाहीं, आणि प्रिय कथा म्हणून तिला सूट देणें योग्य होणार नाहीं. पण दोन्हीं कथांत एक भेद आहे. देवळांतून हांकलले गेल्याचें दुःख आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख १६०४ च्या संहितेंतील पदांतच आहे. तें पद गांवाचें नांव सांगत नाहीं. औंढ्याशीं त्याचा संबंध परंपरेनें जोडला. चमत्कार वगळला, तरी शिंप्याच्या जातीच्या माणसाला देवळांतून घालवून दिलें गेलें, हें उरतें, आणि तें त्या काळच्या समाजस्थितीशीं पुरेपूर जुळतें. एकाच देवळाच्या ह्या दोन कथा आहेत. एकींत नामदेवांच्या हातून अपराध घडला. दुसरींत त्यांच्यावर घडला. पुराव्याचें पारडें दुसरीकडे झुकतें.

मग निकाल काय द्यावा? नामदेव निर्दोष होते, असें सिद्ध झालें काय? सातशें वर्षांपूर्वींच्या माणसाच्या तरुणपणाविषयीं असें छातीठोकपणें म्हणणें, हें त्याला खुनी म्हणण्याइतकेंच धाडसाचें होईल. म्हणतां येतें तें इतकेंच कीं, आरोप शाबीत झालेला नाहीं; कबुली संशयास्पद आहे; जवळच्या आणि दूरच्या साक्षी तिला दुजोरा देत नाहींत; आणि ती रचली जाण्यास पुरेसें कारण दिसतें. कोणत्याही न्यायासनापुढें एवढ्यावर आरोपीची मुक्तता झाली असती.

आरोपी सुटला, तरी त्या देवळांतील बाई उरतेच. तिचें नांव कथेंत नाहीं. तिच्या नवऱ्याचें आणि उरलेल्या ८३ जणांचेंही नाहीं. तशी एक बाई त्या दिवशीं औंढ्यास खरोखर आली होती कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नाहीं. पण यादवांच्या अखेरच्या काळांत, आणि त्यानंतरच्या धामधुमींत, नवऱ्यामागें भुकेलें मूल घेऊन देवळाच्या दारीं बसलेल्या बाया ह्या मुलुखांत असल्या पाहिजेत. त्यांची नोंद कोणत्याही ताम्रपटांत किंवा बखरींत होत नसते. राजे आणि त्यांच्या लढाया नोंदल्या जातात, मेलेल्या स्वाराच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, हें नोंदलें जात नाहीं. ज्या कोणा नाम्यानें ही कथा गायिली, त्यानें नामदेवांवर अन्याय केला असेल. पण ८४ च्या आंकड्यामागें एक घर उघडें पडलें, हें त्याला दिसलें होतें. म्हणून ही कथा नामदेवांच्या चरित्रांतून वगळतांना ती सबंधच टाकून देऊं नये. औंढ्याच्या त्या अरुंद पायऱ्या उतरणाऱ्यानें नामदेवांना खुनाच्या आरोपांतून मोकळें करावें, आणि त्या बाईला मात्र विसरूं नये.